चार महिन्यांच्या पावसात टिकणारं चिऱ्याचं छोटं घर: जोत्यापासून परसापर्यंत

कोकणात घर म्हातारं होऊन पडत नाही, पाण्यामुळे पडतं. आमच्या वाडीत मातीच्या चिखलात रचलेली दोन पिढ्यांपूर्वीची घरं आजही ताठ उभी आहेत. त्याच वाडीत दहा वर्षांच्या स्लॅबखाली श्रावणात बालद्या ठेवाव्या लागतात. फरक सिमेंटचा नाही. जुन्या घरांचं जोतं (भिंतींखालचा चौथरा) उंच, छपराचा उतार मोठा आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. शेतकरी इरलं डोक्यावर घेऊन दिवसभर लावणी करतो, पण अंग कोरडं राहतं, तशी ही घरं आहेत. घराचं इरलं नीट असेल तर खालच्या भिंती स्वस्त आणि मातीच्या असल्या तरी चालतात. म्हणून या लेखात पैसा कुठे ओतायचा आणि कुठे हात आखडायचा, ते याच हिशेबाने सांगतो.

आमचं घर कुडाळ तालुक्यात आहे. एक गवंडी आणि एक सुतार मजुरीवर घेतले, बाकीची कामं घरच्यांनी केली. मालाचे दर मुद्दाम लिहीत नाही, कारण तालुका बदलला की दर बदलतो आणि खाणीपासूनचं अंतर वाढलं की गाडीभाडं मालाच्या किमतीला गाठतं. माप देतो. आपल्या गावच्या दराने गुणा.

जागा पावसात बघा

जमीन बघायला लोक डिसेंबरात येतात. तेव्हा सगळंच सुंदर दिसतं. शक्य असेल तर जुलैमध्ये, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर या. व्हाळ (ओढा) कुठून वाहतो, वरच्या डोंगराचं पाणी कुठून उतरतं, पाय कुठे रुततो हे तेव्हाच कळतं. वाडीतल्या जुन्या माणसाला विचारा, "पाणी खयसून येता?" हा एक प्रश्न मोठी चूक वाचवतो.

कागदांचं थोडक्यात. सातबारा, आठ-अ आणि फेरफार बघा. जाण्या-येण्याची वाट कागदावर आहे का, ते तपासा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं, आणि चार-पाच गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदी कायद्यात अडकू शकतो. हे व्यवहाराआधी तलाठ्याकडून समजून घ्या. वडिलोपार्जित जमिनीत बांधत असाल तरी ग्रामपंचायतीत जाऊन कोणती परवानगी लागते ते विचारा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. यादीत नाव असेल तर प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मधून सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यासाठी घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. खाली दिलेला आराखडा या मापात बसतो.

आराखडा: दोन खोल्या आणि पडवी

आतून १० बाय १२ फुटांच्या दोन खोल्या, मध्ये एक भिंत, पुढे ४ फूट रुंद पडवी, मागे न्हाणी. एवढ्यात चार माणसांचं घर होतं. पुढे पैसे जमले की मागच्या बाजूला आणखी एक खोली जोडता येते.

मधल्या भिंतीमुळे मोठी बचत होते. दोन कडेच्या आणि ही मधली अशा तिन्ही भिंती वर त्रिकोणी चढवल्या की आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) थेट त्यांच्यावर बसतं. १० फुटांच्या दोन गाळ्यांना कैची (छपराखालचा त्रिकोणी लाकडी सांगाडा) लागत नाही. लाकूड वाचतं आणि सुताराचे दिवसही वाचतात.

पडवी ४ फुटांचीच का, हे आम्हाला सुताराने दोरी लावून दाखवलं. आम्ही कागदावर ६ फुटी काढली होती. छपराला ३० अंशांचा उतार द्यायचा तर दर आडव्या फुटाला छप्पर ७ इंच खाली येतं. खोलीच्या भिंतीची उंची पावणेनऊ फूट. तिथून ६ फूट पुढे गेलं की पडवीच्या खांबाशी सव्वापाच फूटच उरतात. ४ फुटांवर थांबलं आणि पडवीची जमीन खोलीपेक्षा ९ इंच खाली घेतली, की खांबाशी ७ फूट मिळतात. उतार कमी करून रुंद पडवी मिळवू नका. कमी उतारावर वाऱ्याच्या झोताने पाणी कौलांखाली उलटं चढतं.

घराची दिशाही पावसावरून ठरवा. आपल्याकडे झड येते ती पश्चिम आणि नैऋत्येकडून. त्रिकोणी भिंतीला पागोळीचं संरक्षण नसतं, म्हणून ती बाजू पश्चिमेला करू नका. पश्चिमेला छपराचा लांब उतार येऊ दे. जागेमुळे ते जमत नसेल तर दरवर्षी मे महिन्यात त्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची तयारी ठेवा.

चिरे कधी आणि किती घ्यायचे

खाणी पावसाळ्यात बंद असतात, दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. तेव्हाच चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, घ्या. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो. महिनाभर जागेवर मोकळा रचून ठेवलेला चिरा भिंतीत चांगला वागतो.

चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच असतो. खाणीप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होतं. गाडी उतरवण्याआधी पाच-सहा चिरे वेगवेगळ्या जागचे काढून बघा. दुसऱ्या चिऱ्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा. खिळ्याने ओरखडल्यावर भुगा पडत असेल, किंवा भोकांत पांढरी-पिवळी मऊ माती भरलेली असेल, तर तो वरच्या थरातला चिरा आहे. आम्ही पहिली गाडी न तपासता उतरवली. त्यातला मऊ माल शेवटी मधल्या भिंतीत आणि कुंपणात गेला. बाहेरच्या भिंतीत तो गेला असता तर आज पश्चिमेची बाजू सोलली गेली असती.

हिशेब असा. बाहेरच्या चार आणि मधली मिळून भिंतींची लांबी ८० फूट. एका चौरस फूट भिंतीला सांध्यासकट सव्वा ते दीड चिरा लागतो. दारं-खिडक्या वजा करून आणि तीन त्रिकोण धरून भिंतीचं क्षेत्र ६८० चौरस फुटांच्या आसपास येतं. मोडतोडीसह भिंतींना १,००० चिरे, जोत्याला आणि पडवीला ४०० ते ५००. म्हणजे १,४०० ते १,५००. थोडे उरले तर संडासाच्या खड्ड्यांना आणि पायऱ्यांना कामी येतात.

पाया आणि जोतं: इथे हात आखडू नका

भूमिपूजन कार्तिकात किंवा मार्गशीर्षात करा. २ फूट रुंद चर मारा आणि घट्ट जमीन लागेपर्यंत खोल जा. कातळ असेल तर फूटभरातही लागतो. भाटाची (नदीकाठच्या गाळाची) किंवा भरावाची जमीन असेल तर तीन फुटांवर थांबू नका, पहार आपटून खात्री करा. चरात काळवत्री (काळा कठीण) दगड किंवा मोडके चिरे घट्ट बसवून फटी भरा.

जमिनीवर जोतं किमान २ फूट उंच ठेवा. जोत्यात चिरा आडवा टाका म्हणजे भिंत १४ इंच जाड होते. हे बांधकाम सिमेंटमध्ये करा, १ भाग सिमेंट ६ भाग वाळू, आणि सात दिवस पाणी मारा. वर दीड इंच काँक्रीटचा थर सगळ्या भिंतींखाली सलग घाला. जमिनीतली ओल वर चढते ती इथे अडते. हा थर टाळला तर मातीच्या सांध्यांतून भिंत दर पावसाळ्यात कंबरेपर्यंत ओली होईल आणि मग कितीही रंग काढा, पोपडे धरतीलच.

जोत्याच्या आत मुरूम किंवा चिऱ्याचा भुगा सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसाने ठोका. हे काम घरातल्या सगळ्यांना करता येतं, आणि मजुरीही इथेच जास्त वाचते.

भिंती: माती आत, दर्जा बाहेर

जोत्यावरच्या भिंती मातीच्या चिखलात रचता येतात. त्यासाठी माती निवडायला शिकावं लागतं. उभी काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला वाळू, मध्ये गाळ आणि वर चिकणमाती असे थर दिसतील. निम्म्याहून अधिक वाळू आणि पाव भागाच्या आसपास चिकणमाती असेल तर माती चांगली. दुसरी परीक्षा हाताची. ओल्या मातीचा लाडू वळून कंबरेच्या उंचीवरून सोडा. पसरट चपटा झाला तर पाणी किंवा चिकणमाती जास्त, चुरा झाला तर वाळू जास्त, दोन-चार तुकडे झाले तर ठीक. जुने गवंडी वारुळाची माती मिसळायचे, कारण ती बारीक आणि चिवट असते. पण त्यासाठी जिवंत वारूळ फोडू नका.

माती चाळून खड्ड्यात भिजवा, त्यात भाताचा बारीक पेंढा घाला, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि पायांनी तुडवा. चिरा लावण्याआधी पाण्यात बुचकळा, नाहीतर तो चिखलातलं पाणी शोषतो आणि सांधा भुसभुशीत होतो. दिवसाला तीन-चार थरांपेक्षा वर जाऊ नका. खालचा चिखल आवळायला वेळ लागतो.

सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, कोपऱ्यात चिरे एकमेकांत गुंतवायचे आणि दर दोन-तीन थरांनी ओळंबा धरायचा. गवंडी जेवायला गेला की घाईने थर चढवायचा मोह होतो, तो आवरा.

बाहेरच्या अंगाला सांधे इंचभर खोल खरवडून काढा आणि १ ला ३ सिमेंट-वाळूने दर्जा भरा, म्हणजे सांधे बाहेरून बुजवा. पाऊस सांध्यात शिरत नाही. आतून माती आणि शेणाचा गिलावा आणि वर चुना पुरतो. बाहेरून गिलावा करू नका. चांगला चिरा उघडाच शोभतो, आणि पैसेही वाचतात.

दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला मात्र सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. ९ इंच रुंद, ४ इंच जाड, आत १० मिलिमीटरच्या दोन सळया, दर ६ इंचांवर ६ मिलिमीटरची आडवी कडी. कोपऱ्यात सळई वाकवून पुढच्या भिंतीत फूटभर तरी न्या. अख्ख्या घराला साधारण ५ पोती सिमेंट आणि ४० किलो लोखंड लागतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या बाजूच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. मातीत रचलेल्या भिंती अशा हादऱ्यात कोपऱ्यांत उघडतात. हा पट्टा त्यांना एकत्र धरून ठेवतो. कुठे बचत करायची असेल तर गिलाव्यात करा, या पट्ट्यात नको.

पट्टा ओतताना दर चार फुटांवर जाड तारेचे फासे वर काढून ठेवा. का, ते पुढे येईल.

छप्पर

लाकूड नवं घेऊ नका. गावोगाव जुनी घरं मोडली जातात आणि फणस, ऐन, किंजळीचे वासे सरपणाच्या ढिगात पडतात. टोकाला आणि भिंतीत बसलेल्या भागाला टोच्याने टोचून बघा, वाळवी तिथूनच शिरते. हातोडी मारल्यावर पोकळ वाजलं तर सोडून द्या. आपल्याच परसातलं झाड तोडायचं असलं तरी आंबा, फणस, ऐन, किंजळ अशा झाडांना परवानगी लागते, ती आधी घ्या. लाकूड मिळालंच नाही तर लोखंडी चौकोनी पाइप वापरा, गंज काढून दोन हात रंग द्या.

पडवीच्या वाशांना माणगा बांबू छान चालतो, कारण तो जवळजवळ भरीव असतो. तीन वर्षं जुना, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्या. पेरांत भोक पाडून बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात आठवडाभर बुडवा, मग सावलीत सुकवा.

मंगळूरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. मागे अडीच फूट, पुढे २ फूट आणि कडेला दोन-दोन फूट छप्पर बाहेर काढलं तर या घराला ९३० कौलं होतात. १,००० घ्या. जुनी कौलं स्वस्त मिळतात आणि चांगली भाजलेली असतील तर नव्याइतकीच टिकतात. बोटाने वाजवल्यावर किणकिण यायला हवी. फुटकं कौल बदबद वाजतं. रिपांमधलं (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर साधारण साडेबारा इंच असतं, पण आधी आपली चार कौलं जमिनीवर एकात एक अडकवून माप घ्या आणि मगच रीप ठोका. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकाच उतारावर मिसळू नका, खाचा जुळत नाहीत.

जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर छपरं उडाली, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. म्हणून ते तारेचे फासे. वासे त्या फाशांना आवळून बांधा. पागोळीकडच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तारेने रिपांना बांधा, आढ्यावरची कौलं चुन्या-सिमेंटात बसवा. हे सगळं अक्षय्य तृतीयेपर्यंत आटपलं पाहिजे. मृग ७ जूनच्या सुमाराला लागतो, पण वळवाचे ढग कोणाची वाट बघत नाहीत.

जमीन, न्हाणी, संडास

खोल्यांत शेणाने सारवलेली जमीन, स्वयंपाकाच्या जागी आणि न्हाणीत कोबा (घोटलेली काँक्रीटची जमीन). एवढं पुरे. वीज परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

संडासाला दोन शोषखड्ड्यांची पद्धत सगळ्यांत स्वस्त आणि कमी त्रासाची. प्रत्येक खड्डा आतून ३ फूट रुंद, साधारण साडेतीन फूट खोल. दोन खड्ड्यांत ३ फूट तरी अंतर हवं. कडेने चिरे फटी ठेवून रचा, तळ मातीचाच ठेवा, वर फरशीचं घट्ट झाकण. एका वेळी एकच खड्डा वापरा. पाच माणसांच्या घरात तो साधारण तीन वर्षं चालतो. भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवा आणि पहिला पूर्ण दोन वर्षं बंद ठेवा. मग आतून कोरडं, वास नसलेलं खत निघतं. ते माडांना घाला, पालेभाजीला नको. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, म्हणून विहीर किमान ५० फूट लांब आणि शक्यतो वरच्या अंगाला हवी. पावसाळ्यात जिथे खड्ड्यातच पाणी लागतं तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिथे जमिनीवर भराव घालून खड्डे उंच घ्या.

एप्रिल-मे चं पाणी

इथे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलात बायका हंडे घेऊन चालतात. या घराच्या छपरावर आडव्या मापाने ५३ चौरस मीटरवर पाऊस पडतो. १०० मिलिमीटर पावसात ५,००० लिटर. चार माणसांना माणशी दिवसाला ४० लिटर धरलं तर साठ दिवसांना ९,६०० लिटर लागतात. म्हणजे १०,००० लिटरची एक झाकलेली टाकी दोन महिन्यांची तहान भागवते, आणि ती दोनशे मिलिमीटर पावसात भरते. पहिला पाऊस कधीच साठवू नका. दोन महिने छप्पर धुवून निघू दे, टाकी आतून घासा आणि भाद्रपदात भरा. प्रकाश आत शिरू न देणारं झाकण, पाइपच्या तोंडाला बारीक जाळी. पिण्याचं पाणी उकळूनच.

परस: पाच गुंठ्यांत काय

पहिल्याच मे महिन्यात झाडांचे खड्डे काढा, घर पूर्ण झालं नसलं तरी. झाडांना वेळ लागतो, आणि तो वेळ विकत मिळत नाही. माडाला साडेसात मीटर अंतर, पागोळ्यांपासून लांब. पाच गुंठ्यांत चार माड, दोन कोकम, एक फणस, एक कढीपत्ता, एक कागदी लिंबू, कडेने केळी. माडावर मिरीचा वेल चढवा. कोकमाचं रोप बियांचं घेऊ नका. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते पाच-सात वर्षांनी फुलल्यावरच कळतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण अमृता' सारख्या जातीचं कलम घ्या. काजू लावायला जागा असेल तर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ चं कलम.

न्हाणीचं पाणी चराने केळी आणि अळूकडे न्या. मांडव मृगाआधी उभा करा आणि पडवळ, दोडकी, काकडी टोका. दसऱ्यानंतर तीच जागा खणून लाल माठ, मुळा, चवळी, वाल. लाल माठ महिन्याभरात ताटात येतो. आपली तांबडी माती आंबट आणि हलकी असते, चुलीची राख आणि कुजलेलं शेणखत थोडं थोडं सतत घालत राहावं लागतं. वानरांचा त्रास फार असेल तर कडेच्या वाफ्यांत हळद आणि आलं लावा, त्यांना ती फारशी आवडत नाही.

आठ कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्यासाठी २० चौरस फुटांचं खुराडं पुरतं. जमिनीपासून दोन फूट वर, चारी बाजूंनी बारीक जाळी, कारण मुंगूस आणि रानमांजर रात्री येतात. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर टोचून घ्या. ती चुकली तर एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं.

पहिला पाऊस

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा घरात थांबा. हातात कोळशाचा तुकडा ठेवा. जिथे थेंब येईल तिथल्या वाशावर आतून खूण करा. पाणी उतारावरून वाहत येतं, म्हणून फुटकं कौल खुणेच्या थोडं वरच्या अंगाला सापडतं. मग छत्री घेऊन बाहेर एक फेरी मारा. पागोळी जिथे पडते तिथे जमिनीत रेघ उमटलेली असेल. त्याच रेघेवर उरलेल्या चिऱ्यांचा चर करा आणि त्याला उतार द्या, व्हाळाकडे किंवा केळीकडे. उघडीप मिळाली की खुणा पाहून कौलं बदला. राहिलेली कौलं पडवीच्या कोपऱ्यात उभी रचून ठेवा, पुढच्या वर्षी शाकारणीला लागतील.